उघडा राहिलेला नळ

पंचशीला हणमंते घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन माघारी यायची आणि चौथ्यांदा बघायची. चौथीच्या पेपरांचा गठ्ठा बांधला की गाठ सोडून पुन्हा एकदा सगळे नीट आहेत का ते पाहायची. ‘हणमंते बाईंना काळजीचा रोग आहे,’ असं शाळेतले गुरुजी हसून म्हणत, आणि तीही हसायची. तिचे वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. रूळ जखडून धरणारी एक चावी सैल राहिली तर काय होतं, हे जेवताना ऐकत ती मोठी झाली होती. नांदेडच्या वसतिगृहात राहून शिकली, डी.एड. झाली, नोकरी लागली. लग्न ठरलं होतं, ते मोडलं. त्यावर ती बोलत नसे. चौतिसाव्या वर्षी ती लातुरात घरमालकीण शरणम्माच्या घरामागच्या खोलीत एकटी राहायची आणि शाळा सुटल्यावर लिहायची.

लहानसहान मासिकांत तिच्या सात कथा छापून आल्या होत्या. त्या कुणी वाचल्या हे तिला नक्की माहीत नव्हतं. पण त्या वर्षी मन्मथ म्हणाला, “बाई, पुस्तक करू.”

मन्मथचा छापखाना गंजगोलाईच्या मागच्या बोळात होता. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं, आणि या चार वर्षांत मन्मथला मान वर करायला सवड मिळाली नव्हती. प्रत्येक कचेरीला नवी पाटी, नवे फॉर्म, नवी पत्रं. कागदावर जिथं ‘उस्मानाबाद’ होतं तिथं आता ‘लातूर’ हवं होतं. पण पाऊस काही जिल्हा बघून पडत नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. मांजरा नदीत नुसती वाळू होती आणि शहरात आठ दिवसांनी एकदा नळ येत होता. मन्मथची इच्छा अशी, की पंचशीलानं दुष्काळातल्या बायांवर लिहावं. “आणि एखादा खरा फोटो आणा,” तो म्हणाला होता. “मुखपृष्ठावर घालू.”

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ती आधी मुदखेडला आईकडे, म्हणजे नागुबाईकडे गेली आणि तिथून गाडीनं पुढं इस्लापूरला. तिथं सरजाबाई होती, नागुबाईची लांबची मावसबहीण. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सरजाबाई चाळीस बायांच्या टोळीची पुढारी होती. कामावर पाण्याचे दोन माठ ठेवलेले असायचे. एक सगळ्यांचा, आणि लांब बाभळीखाली ठेवलेला दुसरा बौद्धांच्या बायांचा. एका दुपारी सरजाबाईनं हातोडा खाली ठेवला आणि चाळीसही बायांना ठेवायला लावला. तीन दिवस खडीवर घाव पडला नाही. चौथ्या दिवशी एकच माठ आला.

हे आणि असं पुष्कळ काही सरजाबाईनं बारा दिवस सांगितलं. पंचशीलानं शाईच्या पेनानं चार वह्या भरल्या. निघायच्या दिवशी म्हातारीनं पावडरीचा डबा उघडून, प्लास्टिकच्या कागदातून एक फोटो काढला. पंधरा वर्षांची मुलगी खडीच्या ढिगावर उभी, डोक्यावर घमेलं, एक हात वर धरलेला. तिची लेक चांगुणा. कामं बघायला आलेल्या कुणीतरी तो काढला होता आणि टपालानं पाठवला होता. चांगुणा दोन वर्षांनी बाळंतपणात गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता.

“आठव्या दिशी आणून दे,” सरजाबाई म्हणाली. “न्हाईतर मला झोप न्हाई यायची.”

“देते मावशी. शब्द देते.”

सोमवारी दिवस मावळायच्या आत ती लातूरला पोचली, दाराशी आली आणि पिशवीत हात घातला. किल्ली नव्हती. तिनं पिशवी ओसरीवर उलटी केली. मग आठवलं, मुदखेडला आईच्या कोनाड्यात किल्ली ठेवली होती, हरवू नये म्हणून.

जादा किल्ली शरणम्माकडे असायची. ती साठीची विधवा बाई, कपाळाला विभूती, बोलणं रोखठोक. नेमकी ती उदगीरला लेकीकडे गेलेली, उद्या येणार होती. शेवटी समोरच्या सायकल दुकानदारानं पहारीनं कुलूप तोडलं. पंचशीला ती रात्र दाराला ट्रंक लावून झोपली. सकाळी उठल्याबरोबर तिनं नवं कुलूप आणलं. त्याची जादा किल्ली शरणम्मा आली की द्यायची, असं मनाशी दोनदा म्हटलं आणि ती टेबलाच्या खणात ठेवली.

मंगळवारी ती मन्मथकडे गेली. मन्मथनं टेबलावरचे कागद बाजूला सारून फोटो समोर ठेवला.

“हाच,” तो म्हणाला. “पण बाई, शनिवारपर्यंत पक्कं लिहून द्या. पुढच्या आठवड्यात रोजगार हमीच्या हजेरीपटांचं काम येतंय. ते मशीनवर चढलं की दिवाळीपर्यंत मशीन माझं न्हाई.”

“फोटो आज ठेवून घ्या, छपाईचा ब्लॉक करायला.”

“आज नको. ब्लॉकवाला शुक्रवारी येतो. इथं शाईत पडायचा. तुमच्यापाशीच नीट ऱ्हाईल.”

तिलाही ते पटलं. तिनं फोटो तिसऱ्या वहीत, एकाच माठाची हकीकत होती त्या पानात ठेवला. शनिवारपर्यंत चार वह्या उतरवून काढायच्या म्हणजे जागचं हलायला नको. बुधवारी सकाळी तिनं जमिनीवर सतरंजी अंथरली, वह्या ओळीनं मांडल्या आणि पहिलीतून लिहायला बसली. शरणम्मा उदगीरहून आदल्या रात्री आली होती. तिच्या चपलांचा आवाज पुढच्या अंगणात येत होता. उठून किल्ली द्यावी असं पंचशीलाच्या मनात आलं. हे पान झालं की जाऊ, असं तिनं ठरवलं.

त्या घराला नळ एकच. जुन्या बांधणीमुळे त्याची नळी आधी मागच्या खोलीच्या मोरीत यायची. शरणम्मा तिथूनच रबरी नळीनं आपलं पाणी भरायची. पंचशीलाला खोली देताना शरणम्मानं आडनाव विचारलं होतं आणि मग बराच वेळ सुपारी कातरत बसली होती. पहिलं वर्षभर नळाला हात ती स्वतःच लावायची. पंचशीलाची घागर भरून बाहेर ठेवायची. पुढं कधीतरी, न बोलता, ते थांबलं. आता तोटी पंचशीलाच्याच ताब्यात असे. गल्लीत सगळे जण तोटी उघडीच ठेवत. पाणी कधी येईल नेम नव्हता, आणि कोरड्या नळातून आधी जी हवा फुरफुरते, तिच्या आवाजानं माणूस जागं व्हायचं. पाणी गुरुवारी येणार असं सांगितलेलं होतं. तरी बुधवारीही तोटी उघडी होती आणि खाली तिच्या दोन घागरींपैकी एक.

दहाच्या सुमाराला कचेरीतला शिपाई आला. “हणमंते बाई तुम्हीच का? परवापासून चकरा मारून राहिलो. सही करा.”

तिनं पाकीट फोडलं. कारणे दाखवा नोटीस होती. टंचाईच्या कामासाठी शिक्षकांनी परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये असं परिपत्रक असताना आपण गैरहजर होता. खुलासा तीन दिवसांत द्यावा. नोटीस शनिवारची होती. रविवार सोडला तर तीन दिवस आजच संपत होते.

परिपत्रक तिला आठवलं. शाळेच्या शेवटच्या दिवशी शिपायानं वही पुढं केली होती, एसटी गाठायची म्हणून तिनं न वाचता सही केली होती. सगळं तीनतीनदा बघणारी बाई, आणि जिथं वाचायचं तिथंच तिनं वाचलं नव्हतं. नोकरी गेली तर आईचं औषध, ही खोली, सगळंच गेलं. तिनं पातळ नीट केलं, चपला घातल्या, नवं कुलूप लावलं, तीनदा ओढलं आणि धावतच निघाली.

कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. खाली पिठाची गिरणी, वर शिक्षण विभाग. आस्थापनेचं टेबल कुठल्या खोलीत गेलं हे कुणालाच सांगता येईना. शेवटी मागच्या जिन्याजवळ शेषेराव सापडले. हे वरिष्ठ लिपिक, चष्मा कपाळावर, समोर फायलींचा ढीग.

“खुलासा आणला का?”

“इथंच लिहून देते.”

तिनं बाकावर बसून लिहायला घेतलं. सरजाबाईचं वय, इस्लापूरचं अंतर, दुष्काळातल्या बायांच्या आठवणी कुणीतरी लिहून ठेवायला हव्यात, असं करत दीड पान झालं. शेषेरावांनी चष्मा खाली घेऊन वाचलं.

“बाई, चांगलं लिहिलंय. पण साहेब हे वाचून म्हणतील, ही बाई काम सोडून पुस्तक लिहून राहिली. कथा नका लिहू. चार ओळी लिहा. परिपत्रक लक्षात आलं न्हाई, चूक झाली, लावाल त्या कामावर हजर होते.”

सात कथा लिहिलेल्या बाईला त्या चार ओळी लिहायला पाच कागद लागले. साहेब जेवून येईपर्यंत थांबावं लागलं. ती जिन्यात बसून राहिली. आपण खोलीत काहीतरी विसरलोय असं तिला सारखं वाटत होतं. पण असं तिला रोजच वाटायचं. म्हणून ती उठली नाही.

अडीच वाजता ती गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा रस्ता ओला होता.

पहिल्यांदा तिला काही कळलंच नाही. मग तिनं बायका बघितल्या. शरणम्माच्या दारापुढच्या गटारीपाशी पाच-सहा जणी वाकून, वाट्यांनी आणि झाकण्यांनी गाळ टाळून पाणी बादलीत भरत होत्या. पंचशीलाच्या दाराची कडी निखळून लोंबत होती, दगडानं फोडलेली. मोरीचा नळ आता बंद होता. खोलीत घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि त्यात सतरंजी, चटणीचा डबा आणि तिच्या वह्या तरंगत होत्या.

दीडलाच पाणी सुटलं होतं, एक दिवस आधी. घागर भरली, मोरी भरली, मोरीचं भोक जुन्या चिंधीनं तुंबलेलं होतं, पाणी उंबऱ्यावरून बाहेर. शरणम्मानं खिडकीतून काठी घालून बघितली, तोटीपर्यंत पोचली नाही. तिच्याकडची किल्ली जुन्या कुलपाची. अर्धा-पाऊण तास पाणी वाहत राहिलं. मग सायकलवाल्यानं दगड घातला, आणि त्यानंतर जेवढं आलं तेवढं शरणम्मानं घागरींत, बादलीत भरून घेतलं.

“आठ दिसानं पाणी आलं,” शरणम्मा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट कोरडा होता. “आन् तुम्ही रस्त्याला पाजलं. कुलूप बदललं ते सांगायचं तरी व्हतं की न्हाई, बाई? मी काय मेलेव का?”

“अक्का, किल्ली द्यायचीच होती...”

गटारीपाशी वाकलेली शांतम्मा, पलीकडच्या घरातली, वर न बघता म्हणाली, “ह्यान्ला काय किंमत पाण्याची.”

दुसऱ्या कुणी काही बोललं नाही. शरणम्माही नाही.

पंचशीला उभी राहिली. तिची आई लहानपणी गावच्या विहिरीपासून दहा पावलं लांब रिकामी घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून ओतेल तेव्हा ओतेल. कधीकधी दिवस कलायचा. नागुबाई अजूनही पेल्यात राहिलेलं घोटभर पाणी फेकत नाही, तुळशीला नाहीतर कोंबडीला देते. आणि तिची लेक पाऊण तास नळ वाहता ठेवून गेली होती. पंचशीलाला शांतम्माचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण लाजेच्या खाली दबून राहिला. तिनं मोरीतली भरलेली घागर उचलली आणि गटारीपाशी नेऊन ठेवली. शरणम्मानं भरून आत ठेवलेली आपली दुसरी घागरही आणली. “घ्या,” म्हणाली. बायकांनी क्षणभर एकमेकींकडे बघितलं आणि घागरी आपापल्या बादल्यांत रिकाम्या केल्या.

मग ती आत जाऊन वह्या गोळा करू लागली.

पहिली आणि चौथी वही सतरंजीच्या वर आलेल्या घडीवर अडकली होती, त्यांची कडाच तेवढी भिजली होती. दुसरीची शाई पसरून पानं निळी झाली होती, अक्षर लागत नव्हतं. तिसरी लगद्यासारखी झाली होती. तिनं पान उघडायचा प्रयत्न केला. फोटो पानाला चिकटला होता. कोपरा ओढताच वरचा पापुद्रा सुटायला लागला, तेव्हा तिनं हात मागे घेतला आणि ती वही तशीच मांडीवर घेऊन बसून राहिली.

सरजाबाईचा आठवा दिवस रविवारी होता.

गुरुवारी सकाळी ती गुरुबसप्पाच्या फोटो स्टुडिओत गेली. गुरुबसप्पानं वही भिंगाखाली धरली, बोटाच्या टोकानं कडा चाचपली.

“वाळवलं न्हाई ते बरं केलंत. वाळलं असतं तर गेलाच होता. आता ओढायचा न्हाई. पाण्यात ठेवायचा, आपसूक सुटू द्यायचा. दोन-तीनदा पाणी बदलावं लागतं.”

“मग ठेवा ना.”

गुरुबसप्पानं आतलं दार उघडून दाखवलं. ट्रे कोरडे, पालथे घातलेले. “पंधरा दिवस झाले डार्करूम बंद हाय. बोअरचं पाणी खारं, त्यानं फोटोवर डाग धरतात. दोन बादल्या गोडं पाणी आणा, नळाचं. आज आणा. उद्याला उशीर होईल.”

दोन बादल्या. आदल्या दिवशी तेवढ्या दर मिनिटाला वाहून गेल्या असतील. ती तिथूनच टँकरच्या रांगेकडे वळली. रांग चौकापर्यंत होती आणि टँकर अजून यायचा होता. रांगेत शांतम्मा होती. पंचशीला लांबूनच परत फिरली. मन्मथकडे मागावं तर छापखान्यात प्यायलासुद्धा पाणी हॉटेलातून यायचं. ती घरी येऊन ओसरीवर बसली. हातातली वही ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. ते फडकंही सुकत चाललं होतं.

शरणम्मा ज्वारी निवडत होती. “काय करायलाव तिथं उन्हात?”

पंचशीलानं मागायचं ठरवलं नव्हतं. पण विचारलं गेलं तसं तिच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं: इस्लापूर, म्हातारी, पावडरीचा डबा, चांगुणा, दोन बादल्या. “मागायला तोंड नाही अक्का मला. पण दुसरं कुणी नाही.”

शरणम्मा सूप खाली ठेवून आत गेली. आतून पितळी घागर हलवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा पदर खोचलेला होता.

“रिक्षा बोलवा. मी बी येते. पाणी कुठं जातंय ते मला बघायचंय.”

रिक्षात दोघींच्या मध्ये घागर आणि एक झाकलेली बादली. खड्ड्यात गाडी आपटली की दोघी एकदमच पाण्यावर हात धरायच्या. अर्ध्या वाटेत शरणम्मा समोर बघत म्हणाली, “शांतम्मा बोलली ते मी ऐकलं. मी बी गप बसले.”

पंचशीलानं बादलीचं झाकण दाबून धरलं.

गुरुबसप्पानं ट्रेमध्ये पाणी ओतलं, चिकटलेलं पान वहीतून कापून घेतलं आणि पाण्यात सोडलं. तिघं वाकून बघत राहिले. शाई धुरासारखी सुटायला लागली. एकाच माठाची हकीकत डोळ्यांदेखत पाण्यात जात होती. अर्ध्या तासानं त्यानं पाणी बदललं, आणखी अर्ध्या तासानं पुन्हा. कागदाचा लगदा त्यानं कापसानं हळूहळू टिपून काढला. पंचशीला ट्रेची कड धरून उभी होती.

आधी चेहरा आला. मग खांदा, खडीचा ढीग. घमेलं आलं. वर धरलेल्या हाताचा पापुद्रा कागदाबरोबर गेला होता. तिथं नुसता पांढरा डाग. आभाळाच्या जागी पंचशीलाच्याच शाईचे उलटे, फिकट निळे ठसे उमटले होते.

“हात गेला,” गुरुबसप्पा म्हणाला. “पण चेहरा शाबूत हाय. ह्याच्यावरून निगेटिव्ह करतो, दोन नवे प्रिंट देतो. हात काढून जोडू का, ब्रशनं?”

“नको,” पंचशीला म्हणाली. “आहे तसंच राहू द्या.”

शरणम्मा अजून ट्रेवर वाकलेली होती. “केवढीशी पोर हो,” ती म्हणाली. मग ट्रेमधलं निळसर पाणी गुरुबसप्पा मोरीत ओतणार तेवढ्यात तिनं त्याचा हात धरला. “फेकायचं न्हाई. बादलीत घाला. शेणात कालवायला व्हतंय.”

शुक्रवारी शेषेरावांनी निर्णय कळवला. पगारवाढीला धक्का नाही, समज देऊन सोडलं. मात्र मंगळवारी सकाळी दहा वाजता औशाकडच्या एका गावात टँकरच्या नोंदींवर हजर व्हायचं. या वेळी तिनं शनिवारी-रविवारी बाहेर जायचा रीतसर अर्ज दिला आणि सही होईपर्यंत टेबलापासून हलली नाही. मन्मथला तिनं सांगून टाकलं, शनिवारी काही हातात पडणार नाही. त्यानं डोक्याला हात लावला. “मग दिवाळीनंतर बघू बाई.” त्याच्या मागं हजेरीपटांचे कोरे रीम येऊन पडले होते.

शनिवारी दुपारी दोन नवे फोटो आणि एक जुना घेऊन ती निघाली. मुदखेडला आईपाशी उतरली. नागुबाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि “सरजा तापट हाय. बोलली तर ऐकून घे,” एवढंच म्हणाली. रविवारी सकाळच्या गाडीनं पंचशीला इस्लापूरला पोचली. गाडीत तिनं पहिलं वाक्य निदान वीसदा मनात जुळवलं. दारात म्हातारी दिसल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

“मावशी, जय भीम. फोटो आणला. पण माझ्या हातून खराब झाला.”

सरजाबाईनं फोटो उजेडात धरला. “हात कुटं गेला हिचा?”

“पाण्यानं गेला. मी नळ उघडा टाकून गेले.”

म्हातारीनं डोळे वर केले. “ह्या दुष्काळात? नळ उघडा?”

“होय.”

आत जाऊन सरजाबाईनं फोटो डब्यात ठेवला, चुलीपाशी बसली आणि पाठ फिरवली. पंचशीला उंबऱ्यावर बसून राहिली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. गाडीची वेळ जवळ येत चालली होती. उठावं की बसावं, तिला कळत नव्हतं. मावशी शिव्या घालेल, रडेल, असं काय काय तिनं धरून ठेवलं होतं. हे गप्प बसणं तिच्या हिशेबात नव्हतं.

अखेर तिनं पिशवीतून नवे दोन फोटो काढून म्हातारीपुढं ठेवले. “हे त्याच्यावरून केले. दोन आहेत. तुमच्याशिवाय कुणाला देणार नाही. पुस्तकातही घालणार नाही, तुम्ही नको म्हणाल तर.”

“नकोच,” सरजाबाई म्हणाली. “तिचं त्वांड पुस्तकावर नको. माझं काय लिवायचं ते लिव.”

“बरं.”

म्हातारीनं एक फोटो उचलला, ठेवला, दुसरा उचलला. दोन्ही एकसारखेच आहेत हे तिला जणू पटत नव्हतं.

“हिचा नवरा हिमायतनगरला असतो,” ती अचानक म्हणाली. “गंगाराम. पिठाच्या गिरणीवर. पोर दोन दिस अडली व्हती, ह्यो सकाळी नेऊ, सांजच्याला नेऊ करत बसला. दवाखान्यात नेली तवा संपलंच व्हतं. बारा वर्सं झाली, मी त्याचं त्वांड बघितलं न्हाई. दुसरी केली त्यानं. लेकरंबी झाली.” ती थांबली. “पर त्याच्यापाशी फोटू न्हाई हिचा. त्यानं मागितला व्हता. मी दिला न्हाई. येकच व्हता.”

तिनं एक फोटो पंचशीलाच्या हातात दिला. “जाताना हिमायतनगरला उतर. त्याला दे. मी दिला म्हन.”

हिमायतनगरला उतरलं की गाडी चुकणार, पुढची थेट दुसऱ्या दिवशी. एसटी मिळाली तर मिळाली. सोमवारी लातूर, मंगळवारी दहा वाजता हजेरी. सगळी गणितं पंचशीलाच्या डोक्यात उभी राहिली. ती म्हणाली, “देते.”

गिरणी स्टेशनपासून लांब नव्हती. गंगाराम चाळिशीचा, केसांवर आणि भुवयांवर पीठ, कानाला कमी ऐकू येणारा माणूस. गिरणीच्या आवाजात तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं: सरजाबाईनं पाठवलंय. तिसऱ्यांदा त्यानं पट्टा काढून गिरणी बंद केली.

फोटो घेण्याआधी त्यानं दोन्ही हात सदऱ्याला पुसले. पीठ निघेना, म्हणून पुन्हा पुसले. मग दोन बोटांनी कडेला धरून तो दारात, उजेडात गेला. रांगेत डबे घेऊन बसलेल्या बायका बघत होत्या.

“म्हातारीनं सोताहून दिला?” त्यानं विचारलं.

“स्वतःहून.”

“बरी हाय का ती?”

“बरी आहे. गुडघे दुखतात.”

गेलेल्या हाताबद्दल त्यानं काही विचारलं नाही. “खडीचं काम सुरू व्हतं तवा मी बी तिथंच व्हतो,” एवढं म्हणाला, आणि गिरणीमागं त्याच्या घरी तिला जेवायला बसवलं. त्याच्या बायकोनं भाकरी वाढली. फोटो कुणाचा हे तिनं विचारलं नाही, पण जेवण झाल्यावर तीच तो घेऊन आत गेली आणि आरशाच्या चौकटीत खोवून आली.

रात्री ती तिथंच मुक्कामाला राहिली, आणि सोमवारची एसटी भोकरजवळ बंद पडली. मंगळवारी औशाकडच्या गावात पंचशीला अकरा वाजता पोचली, एक तास उशिरा. पहिला टँकर अजून आला नव्हता. तलाठ्यानं तिला नोंदवही दिली, लिंबाखाली खुर्ची दाखवली. तिनं वहीचं पहिलं पान उघडलं, तारीख घातली. दूरवर धूळ उठली तशा बाया घागरी घेऊन उठून उभ्या राहिल्या.

पुस्तक दोन वर्षांनी निघालं, नांदेडहून. मुखपृष्ठावर नुसतं नाव होतं. एकाच माठाची हकीकत तिनं आठवून पुन्हा लिहिली, आणि सरजाबाईनं ती कुणाकडून तरी वाचून घेऊन त्यात तीन चुका काढल्या.